बेळगावहून स्वतःच्या गाडीनं थारच्या वाळूत मुक्काम: सम की त्याच्याही पुढं?

टिळकवाडीकर
मंडळी नमस्कार. डिसेंबरात आई-बाबा, बायको आणि पोरांना घेऊन जैसलमेरकडं जायचं घरात पक्कं झालंय. विमान नको, रेल्वे नको, आपलीच गाडी काढायची (केए २२, सात सीटर डिझेल, टायर नवीन आहेत). बाबा रिटायर झाल्यापासून एकच धरून बसलेत, वाळूच्या टेकड्यांच्या मधोमध राहायचं, लांबनं फोटो काढून परत यायचं नाही. जैसलमेरजवळच्या समला शेकडो कॅम्प दिसतात, सगळ्यांचे फोटो सारखेच, टेंट, शेकोटी, स्टेजवर नाच. पण नकाशावर बघितलं तर त्याच्या पुढं, बाजूला, गावांच्या पलीकडं एकेकटी राहायची ठिकाणं दिसतात, मातीच्या झोपड्या, आजूबाजूला काहीच नाही. आई ६८ ची आहे, गुडघे थोडे दुखतात. अशा ठिकाणी तिला न्यावं का? रस्ता कुठून धरावा? गाडी वाळूपर्यंत जाते का? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज, दोन ओळीत नको.

चिकोडीकर
रस्त्याचं मी सांगतो, बाकीचं बाकीचे सांगतील. बेळगाव ते जैसलमेर साधारण साडेपंधराशे किलोमीटर धरा. पुण्यापर्यंत आपला रोजचाच हायवे, हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे टोल, फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा नाहीतर कोगनोळीलाच जादा जातील. सहापदरीचं काम चालू असल्यानं कोल्हापूर-सातारा पट्ट्यात डायव्हर्जन लई, रात्री ते दिसत नाहीत, म्हणून पहाटे निघून उजेडात पुणं गाठा. पुढं दोन पर्याय. एक्स्प्रेसवेनं कळंबोली, ठाणे, घोडबंदर करून वसईच्या पुढं हायवेला लागायचं, पण घोडबंदरला अडकलात की तास दोन तास गेले. मी नाशिकवरून पेठ-धरमपूर घाटातनं वलसाडला उतरलो, वेळ तेवढाच लागला पण डोकं शांत राहिलं आणि डोंगर सुंदर. मग सुरत, भरूच, वडोदरा, वडोदरा ते अहमदाबाद एक्स्प्रेसवे मस्त आहे, पुढं मेहसाणा, डीसा, थराद, सांचोर, बाडमेर, जैसलमेर. थरादपासून जैसलमेरपर्यंत एकच नॅशनल हायवे आहे, ६८ नंबर, चुकायचा प्रश्न नाही.

एक महत्त्वाचं. आपल्याकडनं निघताना गोव्याची बाटली डिकीत टाकायची सवय असते लोकांना. अजिबात टाकू नका. महाराष्ट्रात गोव्याची दारू चालत नाही आणि गुजरातेत तर दारूबंदीच आहे, राज्य झालं तेव्हापासून. सोबत म्हातारी माणसं आणि पोरं असताना नाक्यावर गाडी उतरवून तपासणी, नको तो ताप. आणि पेट्रोल गाडीवाल्यांनी गुजरात सोडायच्या आधी टाकी फुल करा, राजस्थानात पेट्रोल बरंच महाग पडतं.

गोकाक_बॉय
अण्णा बाडमेर-जैसलमेर रात्री चालतंय काय? आम्ही रात्रीच गाडी मारणारी माणसं.

चिकोडीकर
नको. रस्ता चांगला आहे म्हणूनच नको, सरळ रस्ता, स्पीड आपोआप वाढतो, आणि संध्याकाळ झाली की गाई, मेंढरं, नीलगायी, उंट सगळे डांबरावर येतात. उंटाचे पाय उंच, गाडीचं बॉनेट पायाला लागतं आणि अख्खा उंट काचेवर येतो. दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचायचं, हा नियमच करून टाका.

माजी_फौजी
टिळकवाडीकर, माझी नोकरी मराठा लाइट इन्फन्ट्रीत, काही वर्षं त्या सेक्टरात काढलीत, त्यामुळं वाळूबद्दल थोडं अधिकारानं सांगतो.

तुमची गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असणार. ती वाळूत घालायची नाही. डांबर संपलं की थांबायचं. लांबच्या लॉजवाले गावात नाहीतर रस्त्याच्या कडेला गाडी लावायची सोय करतात आणि तिथून त्यांची फोर बाय फोर जीप किंवा उंटगाडी येते. बुकिंग करतानाच विचारून घ्या, गाडी कुठं लावायची, रात्री कोण बघणार, शेवटचा पक्का रस्ता कुठवर.

तरीसुद्धा कडेला गाडी वळवताना चाक वाळूत जाऊ शकतं. गेलं तर पहिली गोष्ट, एक्सलेटर सोडायचा. दाबला की चाक स्वतःची कबर खणतं आणि गाडी पोटावर बसते. सगळ्यांना खाली उतरवायचं, चाकापुढची आणि मागची वाळू हातानं काढायची, टायरची हवा कमी करायची, ३२-३३ वरून १८ च्या आसपास आणायची. हवा कमी झाली की टायर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं, म्हणून तो रुतायचं कमी होतं. मग चाकाखाली फूटमॅट, गोणपाट, फांद्या जे असेल ते घालून हळूहळू ज्या बाजूनं आलात त्याच बाजूनं मागं. डांबरावर आलात की हवा परत भरायची, कमी हवेवर पळवलं तर टायर तापून फुटतो. म्हणून लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा कंप्रेसर, गेज, ओढायचा दोर आणि एक फावडं एवढं डिकीत पाहिजेच. निघताना एअर फिल्टर नवीन घाला.

आईंना वाळूवर चढवायचं असेल तर टेकडीची बाजू बघा. वारा ज्या बाजूनं येतो ती बाजू लांब उताराची आणि दाबून बसलेली असते, तिच्यावर पाय कमी रुततो. पलीकडची बाजू तेहतीस-चौतीस अंशाची, भुसभुशीत, एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली येतं. पोरांना त्याच बाजूनं घसरायला सोडा, मजा येते. आईंना मात्र लांब उतारानं, सकाळी लवकर, वाळू गार आणि घट्ट असताना न्या.

वडगावची_ताई
काका किती छान सांगितलात. मी बायकांच्या बाजूचं सांगते कारण ते कुणी लिहीत नाही. टेंट बघताना आत बाथरूम आहे का, कमोड आहे का, गरम पाणी बादलीनं मिळतं का हे फोनवर विचारा, फोटोवर जाऊ नका. गुडघेदुखीवाल्यांना झोपायला खाट पाहिजे, जमिनीवरची गादी नको, आणि ते फक्त गुडघ्यासाठी नाही, तिकडं फुरसं आहे, मण्यार आहे, विंचू आहे. थंडीत साप कमी फिरतात पण सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, पोरांना हे आधीच शिकवून ठेवा. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, नाकातनं रक्त येतं कुणाकुणाच्या, व्हॅसलिन भरपूर घ्या. आणि थंडी! दुपारी नुसत्या शर्टावर फिरता आणि सूर्य गेला की तासाभरात स्वेटर, शाल, कानटोपी. वर ढग नाहीत, हवेत ओल नाही, दिवसभराची ऊब धरून ठेवायला काहीच नाही, सगळी भराभर आभाळात निघून जाते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाच-सहा डिग्रीपर्यंत उतरतं. आपल्या बेळगावच्या थंडीचे कपडे पुरत नाहीत.

आणि समबद्दल स्पष्ट बोलते. आम्ही समला राहिलो होतो, कॅम्पचं नाव लिहीत नाही. रात्री चारी बाजूच्या कॅम्पांचे स्पीकर एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट, हिंदी रिमिक्स, वाळूवर दिवसभर जीपच्या चाकांच्या रेघा, प्लॅस्टिकच्या बाटल्या. पोरांना आवडलं, मला रडू आलं. इतक्या लांब जाऊन हे बघायचं असेल तर गणपतीत खडेबाजारला उभं राहिलं तरी चालतं. तुमच्या बाबांना जे पाहिजे ते समला मिळणार नाही. पुढं जा.

निपाणी_एक्सप्रेस
ताई एवढं पण वाईट नाही ओ सम. जैसलमेरहून चाळीस किलोमीटर, थेट डांबरी रस्ता, एटीएम-दवाखाना जैसलमेरात, म्हातारी माणसं घेऊन जाणाऱ्याला सोय बघावी लागते. आमच्या आजीला समच बरं पडलं. एकट्या जागी रात्री छातीत दुखलं तर काय करणार?

वडगावची_ताई
दादा, तुमचा मुद्दा बरोबर आहे, तो विचारात घ्यायलाच हवा. ज्यांना बीपी, हार्टचा त्रास आहे त्यांनी जैसलमेरात राहून दिवसा वाळूवर जावं. पण यांच्या आईला गुडघेदुखी आहे, बाकी ठणठणीत आहेत असं वाटतं.

टिळकवाडीकर
हो ताई, बाकी ठणठणीत. सगळ्यांचे आभार. खुरीच्या बाजूला बघूलोय, जैसलमेरच्या नैर्ऋत्येला पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. अजून एक विचारायचं होतं, पौर्णिमा धरून जावं का अमावास्या? घरात दोन पार्ट्या पडल्यात.

पक्षीवेडा_खानापूर
मी अमावास्येच्या पार्टीत. पौर्णिमेला वाळू छान दिसते, चांदण्यात चालता येतं, पण तारे जातात. अमावास्येच्या आसपास गेलात आणि आजूबाजूला दिवे नसले तर आकाशगंगेचा पट्टा डोळ्यांनी दिसतो, दुर्बीण लागत नाही. डिसेंबरच्या मध्याला, १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, वर्षातला सगळ्यात भरघोस. पोरांसाठी त्याहून मोठी ट्रीट नाही. पौर्णिमा पाहिजेच असेल तर माघ पौर्णिमेच्या सुमाराला जैसलमेरचा मरू महोत्सव असतो, पण तेव्हा सगळं जग समला लोटतं.

दुसरी गोष्ट, आणि ही मला मनापासून सांगायची आहे. तुम्ही ज्या भागात जाताय तिथंच डेझर्ट नॅशनल पार्क आहे, तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठं, सम आणि खुरी दोन्ही त्याच्या अंगाला. तिथं माळढोक आहे. तिकडं गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी. हा आपलाच पक्षी आहे हो! सोलापूरच्या नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य झालं, आपल्या कर्नाटकात सिरुगुप्प्याच्या माळावर दिसायचा. आता देशात सगळे मिळून दीडशेच्या आसपास राहिलेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. मादी एका वेळेला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. पक्षी पंधरा किलोपर्यंत जड, समोरचं नीट दिसत नाही, उडताना वळता येत नाही, त्यामुळं हाय टेन्शन तारांना धडकून मरतो. पवनचक्क्या आणि सोलरच्या लाईनी त्या भागात पसरल्यात. २०२१ ला सुप्रीम कोर्टानं तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं होतं, २०२४ ला तो आदेश बदलून तज्ञांची समिती नेमली. सम आणि रामदेवराला अंडी उबवून पिल्लं वाढवायचं केंद्र चालू आहे, तीच आता आशा.

म्हणून विनंती, जीपवाला म्हणाला चला आत माळावर घेऊन जातो, पक्षी दाखवतो, तर पार्कच्या परवानगीशिवाय जाऊ नका. जमिनीवरच्या घरट्यावरून चाक गेलं की एका वर्षाची पिढी गेली. आणि ड्रोन अजिबात नेऊ नका, पक्षी बिथरतात आणि तो सीमेचा भाग आहे.

माजी_फौजी
ड्रोनबद्दल शंभर टक्के सहमत. सामान जप्त होतंच, वर चौकशी. सगळ्यांची मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा, मोबाईलमधला फोटो दाखवून काम होईलच असं नाही. तनोट मातेच्या देवळापर्यंत आपल्याला परवाना लागत नाही, पुढं सीमेकडं जायला लागतो.

बाबांना इतिहासाची आवड असेल तर एक दिवस तनोट आणि लोंगेवाला करा. तनोट जैसलमेरपासून सव्वाशेच्या आत, देवळाची व्यवस्था बीएसएफ बघते, ६५ च्या लढाईत आवारात पडलेले न फुटलेले बॉम्ब तिथं ठेवलेत. लोंगेवालाला १९७१ च्या ४ डिसेंबरच्या रात्री २३ पंजाबच्या एका कंपनीनं, मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या हाताखाली, पाकिस्तानचे रणगाडे सकाळपर्यंत अडवून धरले आणि उजाडल्यावर जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी ते उघड्या वाळूत टिपले. तिथं उभं राहून आजूबाजूला बघितलं की कळतं, लपायला झुडूपसुद्धा नाही. रामगढला टाकी भरून घ्या, पुढच्या पंपाच्या भरवशावर राहू नका. मोबाईलला रेंज जाते-येते, नकाशा आधी डाऊनलोड करून ठेवा.

गोकाक_बॉय
वाचून अंगावर काटा आला काका 🙏

टिळकवाडीकर
परत आलो मंडळी! घरी येऊन कपडे धुवायला टाकले तर अजून वाळू निघूलाय. इथं सगळ्यांनी एवढं लिहिलं म्हणून मीही नीट लिहितो.

रस्ता चिकोडीकर अण्णांनी सांगितला तसाच धरला. नाशिक-पेठ-धरमपूरनंच गेलो. सांचोरच्या पुढं जमीन बदलते. आधी रायडा (मोहरी) आणि जिऱ्याची शेतं, मग शेतांच्या कडेला वाळू साठलेली दिसते, मग शेतातच वाळूच्या लाटा आणि त्यांच्यावर खेजडीची (शमीची) झाडं, छाटून छाटून बुटकी केलेली. बाडमेरच्या पुढं तर दोन्ही बाजूला आभाळच. बाबा पुढच्या सीटवर बसून एक शब्द बोलत नव्हते, नुसते बघत होते.

लॉजचं नाव इथं टाकत नाही, जाहिरात वाटेल, पाहिजे त्यांना मेसेजमध्ये सांगतो. खुरीच्याही पुढं, एका छोट्या ढाणीच्या (वाडीच्या) पलीकडं. गाडी ढाणीत एका घराच्या आवारात लावली, तिथून जीप. गोल झोपड्या, मातीच्या भिंती, शेणामातीनं लिंपलेल्या, वर गवताचं छप्पर, आत दोन खाटा, सोलरचा एक बल्ब. बाथरूम मागं जोडलेलं, कमोड होता ताई, तुमचं वाक्य लक्षात ठेवून फोनवर तीनदा विचारलं होतं. झोपडीच्या दारातनं बाहेर पाऊल टाकलं की वाळू, आणि साठ-सत्तर पावलांवर टेकडी सुरू.

आईला फौजी काकांनी सांगितल्याप्रमाणं सकाळी लांब उतारानं नेलं. काठी टेकत, थांबत थांबत माथ्यापर्यंत गेली, एकटीच्या पायांनी! उंटावर बसायचं तिनं नाकारलं, गुडघ्यापेक्षा उंट उठतानाचा झोक बघून घाबरली, तेव्हा उगाच आग्रह केला नाही. माथ्यावर बसून तिनं वाळू मुठीत घेतली, वरची कोमट, हाताच्या वितीएवढं खणलं की थंडगार. वाळूवर बारीक टाक्यांची ओळ दिसत होती, दोन्ही बाजूला टोचे आणि मधे एक रेघ, लॉजवाल्यांचा मुलगा म्हणाला भुंग्याची आहे. आम्ही त्या ओळीच्या मागं मागं गेलो तर खरंच काळा भुंगा, पाय वर करून चालणारा. पोरं मोबाईल विसरून तासभर त्याच्याच मागं.

रात्रीचं सांगतो. संध्याकाळी दोन मांगणियार गवई आले, एक म्हातारे कमायचा घेऊन आणि त्यांचा नातू खडताल (लाकडी पट्ट्या) घेऊन. स्टेज नाही, माईक नाही, खाटेवर बसून. कमायचा मी पहिल्यांदाच जवळून बघितला, पोट गोल, त्याच्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं, जाड आतड्याच्या तारा आणि बाजूनं धातूच्या बारीक तारा, गज फिरला की आवाज पोटातनं येतो, घोगरा आणि गोड. ही माणसं मुसलमान आणि पिढ्यानपिढ्या राजपूत यजमानांच्या घरी जन्म-लग्नाची गाणी गाणारी, देवीची गाणीसुद्धा म्हणतात. जैसलमेरजवळच्या हमीरा गावचे साकर खान याच वाद्यासाठी पद्मश्री झाले होते, २०१२ ला, म्हातारेबाबांनी ते नाव कानाला हात लावून घेतलं. आमच्या बाबांना गाण्याचं वेड, त्यांनी सांगितलं की आम्ही कुमार गंधर्वांच्या सुळेभावीच्या शेजारचे. समोरच्याला नाव माहीत होतं का नव्हतं कळलं नाही, पण बाबांनी दोन ओळी भजनाच्या म्हटल्या आणि कमायचा त्यांच्या मागनं आला. मी रेकॉर्ड करत बसलो नाही, ऐकत बसलो. पैसे लॉजच्या बिलात न घालता थेट त्यांच्या हातात दिले. तुम्ही पण तसंच करा, मधे कुणी नको.

जेवण, बाजरीचे सोगरे (जाड भाकऱ्या), केर-सांगरीची भाजी, कढी, वर तूप. तिखट आपल्यापेक्षा कमी, तेल-तूप जास्त, बाबांना दुसऱ्या दिवशी जड झालं तेव्हा डब्यातल्या आपल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी कामाला आली. लॉजच्या मालकीणबाईंनी भाकरी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली, मोडून बघितली, किती दिवस टिकते विचारलं. महिनाभर टिकते म्हटल्यावर त्यांनी सासूबाईंना बोलावून दाखवली. जाताना उरलेल्या सगळ्या त्यांनाच दिल्या आणि कुंद्याचा डबा. येताना त्यांनी वाळवलेली सांगरी बांधून दिली.

आणि पाणी. सगळ्यात जास्त मनात राहिलं ते हेच. आपल्या खानापूरकडच्या कणकुंबीला एका पावसाळ्यात जेवढा पाऊस पडतो तेवढा जैसलमेरला कित्येक वर्षांचा मिळूनही पडत नाही. लॉजवर आंघोळीला माणशी एक बादली, ती पण टँकरची, पिण्याचं वेगळं. अंगणात टाका होता, जमिनीत बांधलेली गोल टाकी, भोवतीनं अंगण उताराचं केलेलं, पडला थेंब की आत. त्या अंगणात चप्पल घालून जायचं नाही, कुत्रं येऊ द्यायचं नाही. माझा मुलगा ब्रश करताना नळ चालू ठेवणारा, तिथं गेल्यावर एक तांब्यात तोंड धुवायला लागला, न सांगता.

अथणीकर_शेतकरी
टिळकवाडीकर दादा, टाक्याचं वाचलो आणि राहवलं नाही म्हणून लिहितो. आमचा भाग दुष्काळी, कृष्णेचं पाणी पोचत नाही त्या बाजूला जमीन हाय. तिकडं एवढ्या कमी पावसात शेती कशी करतात? कुलधराला गेलात काय? तिथले लोक गहू पिकवायचे म्हणून ऐकलो होतो, खरं काय?

टिळकवाडीकर
दादा तुम्ही विचारलंत बरं झालं. कुलधराला गेलो, जैसलमेरपासून अठरा किलोमीटर. पालीवाल ब्राह्मणांचं गाव, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोडून गेले. गाईड सगळे दिवाण सालिमसिंगच्या जुलमाची आणि भुताची गोष्ट सांगतात, गर्दी त्यासाठीच. पण आमच्या लॉजवाल्यांनी आम्हाला खडीन दाखवायला नेलं, ते मला कुलधरापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटलं.

खडीन असं. खडकाळ मोठा माळ, त्याच्यावर पाऊस पडला की जिरत नाही, वाहतो. तो सगळा वाहून एका सखल जागेकडं येतो. त्या सखल जागेच्या खालच्या अंगाला आडवा मातीचा बांध, लांबलचक, आणि जादा पाणी जायला दगडी सांडवा. पाण्याबरोबर माळावरची गाळमाती पण येऊन बसते, त्यामुळं खडीनची जमीन दरवर्षी सुपीक होत जाते. पावसाळ्यात तिथं तळंच होतं. मग पाणी हळूहळू मुरतं, आटतं, उरलेलं सांडव्यातनं सोडून देतात, आणि जमिनीत ओल राहते तेवढ्यावर गहू, हरभरा पेरतात, वरनं एक थेंब द्यायचा नाही. बांधाच्या खालच्या बाजूला विहीर असते, मुरलेलं पाणी तिच्यात येतं, जमिनीतलं मीठ पण त्या पाण्याबरोबर निघून जातं म्हणून शेत खारवट होत नाही. पालीवालांनी पाचशे वर्षांमागं ही पद्धत बसवली आणि अजून खडीन चालू आहेत. आम्ही गेलो तेव्हा हरभरा वीतभर झालेला, चारी बाजूला पिवळा माळ आणि मधे हिरवं शेत. एकाच माणसाचं नसतं ते, माळ सगळ्यांचा, बांध सगळ्यांनी दुरुस्त करायचा, पीक वाटून घ्यायचं.

अथणीकर_शेतकरी
हे फार भारी सांगितलात. आमच्याकडं बांधबंदिस्ती करतात पण प्रत्येकजण आपापल्या शेतापुरतं. माळ कुणाचा म्हणून भांडणं. वरचा माळ राखल्याशिवाय खालचं शेत भिजत नाही हे आमच्या ग्रामसभेत मी कितीवेळा बोललो. फोटो असतील तर टाका, बांधाचे आणि सांडव्याचे, वाळूचे नकोत. मी पण जानेवारीत जाऊलोय, पण गाडी चालवणं जमत नाही एवढं लांब. रेल्वे हाय काय बेळगावहून?

चिकोडीकर
आहे की दादा. बेंगळुरू-जोधपूर एक्स्प्रेस बेळगाववरनंच जाते, रोज नसते, दिवस बघून घ्या. म्हैसूर-अजमेर पण आपल्याकडनंच जाते, पण जैसलमेरसाठी जोधपूरवाली बरी. सुट्टीच्या दिवसांत तिकीट आधीच काढा, वेटिंग लई असतं. जोधपूर ते जैसलमेर पुढं रेल्वे पण आहे, टॅक्सी पण. टॅक्सी केलात तर वाटेत पोखरण लागतं, रामदेवरा तिथून जवळच आहे.

टिळकवाडीकर
फोटो आज रात्री टाकतो दादा, सांडव्याचे जवळनं काढलेत, मोजमाप पण विचारून घेतलंय बांधाच्या रुंदीचं. लॉजवाल्यांचा नंबर मेसेजमध्ये पाठवलाय, त्यांना आधी फोन करून सांगा की खडीन बघायचीय, शेतकरी आहे म्हणून. ते स्वतः खडीनवर शेती करतात, तुमच्याशी बोलायला त्यांना माझ्यापेक्षा जास्त आवडेल. ज्वारीचं बियाणं थोडं घेऊन जा, त्यांनी विचारलं होतं, आमच्याकडं नव्हतं.

अथणीकर_शेतकरी
मालदांडीचं घरचं बी हाय, दोन किलो बांधून नेतो. उद्याच फोन करतो.